गोधडी केलेली पॅन्ट

लेक वर्थ, फ्लोरिडा
१२ नोव्हेंबर १९८३

प्रिय तैस्तो,

आर्वोची बातमी कळली. सिग्नेनं दुकानातून फोन केला होता. कॉफी आणि खिळे विकता विकता गावाच्या बातम्या मला पोचवायचं काम ती न चुकता करते, म्हणून तर दोन हजार मैलांवर बसूनही पेल्तोलात कोणाचं छप्पर बर्फानं बसलं ते मला ठाऊक असतं. तुझ्याशीच बोलले असते, पण तुझी बायको एलिना गेल्यावर तू घरातला फोन काढून टाकलास. ‘मला कोण फोन करणार’ म्हणे! मी करणार होते, मूर्खा.

आर्वो एकटाच रानात गेला होता म्हणे. करवत मांडीला लागली, रस्त्यापर्यंत रांगत आला आणि तिथंच गेला. चाळीस वर्षं झाडं कापणारा माणूस.

तेव्हापासून माझा डोळा लागत नाही. तू एकसष्टचा, आर्वोपेक्षा दोन वर्षांनी मोठा. महिन्याभरात दलदल गोठेल आणि तू आणि वर्नर सीडर तोडायला आत जाल. वर्नर ट्रॅक्टरवर, करवत तुझ्या हातात. आणि अंगावर काय? बाबांची लोकरीची पॅन्ट! बाबांच्या वेळी हातानं ओढायची करवत होती, तैस्तो. माणूस थांबला की ती थांबायची.

आमच्या चर्चमधल्या हेल्मीचा जावई सांगत होता, आता करवतीच्या कामासाठी खास पॅन्ट मिळते. साखळी लागली तर ती थांबवते. कशी ते मी विचारलं नाही. थांबवते ना, मला तेवढं पुरे.

तर तुझ्या मापाचा दोरा पाठव. बाबा घ्यायचे तसाच: एक गाठ कमरेची, दोन गाठी पायाच्या लांबीच्या, तीन गाठी मांडीच्या घेराच्या. मीच आले असते, पण खुब्याचं हाड अजून जुळलेलं नाही. कॅरन मला टपालपेटीपर्यंतसुद्धा एकटीला जाऊ देत नाही. मुलगी आहे की जेलर, कळत नाही.

सोबत लाल मफलर आणि दोन जोड मोजे.

तुझी,
सायमीताई


पेल्तोला, मिशिगन
२४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

मोजे घातले. मफलर घातला नाही. करवत चालवताना मफलर घालणारा माणूस एकदाच घालतो. टोक साखळीत गेलं की मान मागोमाग. वर्नर म्हणाला, ‘बहीण तुझ्यावर माया करते की सूड उगवते?’ मफलर त्यानंच नेला, त्याच्या कुत्रीसाठी. तुसी आता लाल मफलर घालून ट्रॅक्टरच्या सीटवर बसते आणि आम्हा दोघांपेक्षा प्रतिष्ठित दिसते.

आता तू कपड्यांचं विचारतेस म्हणून सांगतो. रानात थंडीनं माणूस मरत नाही, घामानं मरतो. करवत हातात असली की शून्याखाली पंधरातही पाठ भिजते, आणि कॉफीला बसलं की तोच घाम गोठतो. म्हणून आत पातळ लोकर, वर जाड लोकर, सुती धागा कुठेही नाही. कमरेला पट्टा नाही, खांद्यावरून पट्टे, म्हणजे वाकलं तरी पोट आवळत नाही. बुटात नमद्याचं अस्तर, ते रोज रात्री चुलीमागे वाळवायचं. आणि बाबांची पॅन्ट. तिच्यावर बर्फ पडलं तर झटकता येतं. तिला नावं ठेवू नकोस.

आर्वो मेला कारण तो एकटा होता. माझ्याबरोबर वर्नर आहे, तुसी आहे.

तरी दोरा पाठवतो. नाहीतर तू सिग्नेला फोन करशील, सिग्ने पाद्रीसाहेबांना सांगेल आणि रविवारी प्रवचनात माझी मांडी येईल.

तुझा,
तैस्तो


लेक वर्थ
५ डिसेंबर

तैस्तो,

दोरा मिळाला. तुझी कमर वाढली आहे. वेलचीचा गोड निसू-पाव कोण भाजून देतं तुला?

पॅन्ट कॅटलॉगमधून मागवली, परस्पर सिग्नेच्या दुकानात येईल. खांद्याच्या पट्ट्यांसाठी बटणं आहेत, ते पाहून घेतलं. पुढचा भाग जाड आहे, मागचा साधा. बाबांची पॅन्ट घडी घालून पेटीत ठेव आणि पेटीवर काहीतरी जड ठेव.

ताई


पेल्तोला
२२ डिसेंबर

प्रिय ताई,

आधी नाताळच्या शुभेच्छा. कॅरनला आणि पोरांना सांग.

पॅन्ट आली. चार दिवस घातली. खोटं कशाला बोलू? ती पॅन्ट नाही, पत्रा आहे. एका रात्री शेडमध्ये राहिली तर सकाळी जमिनीवर उभी होती, आत माणूस नसताना. वर्नरनं टोपी काढून तिला नमस्कार केला.

काम करताना ठीक आहे. पण थांबलं की मांडीवर गार लादी ठेवल्यासारखं वाटतं, आणि गुडघ्यांत जी कळ जाते ती घरी चुलीशी बसूनही तासभर उतरत नाही. आत दोन विजारी घातल्या तर पाय वाकत नाही. बर्फात पाय वाकला नाही की पडायला होतं, आणि करवत चालू असताना पडलो तर तुझी पॅन्ट असून काय उपयोग?

रागावू नकोस. तू मनापासून पाठवलीस. सोबत आठ पानांचं माहितीपत्रकही होतं, ते चुलीला छान लागलं. पॅन्ट खुंटीला आहे. बाबांची अंगावर.

तुझा,
तैस्तो


लेक वर्थ
२९ डिसेंबर

तैस्तो,

ती पॅन्ट मला पाठव. ताबडतोब. आई गेल्यावर तिची करडी कांबळ तूच मला दिलीस, आठवतं? इथे पंख्याखाली झोपणाऱ्या बाईला कांबळ काय करायची? तिचं अस्तर घालते. मग थंडीची सबब सांग मला.

शपथ घालत नाही, पण पॅन्ट परत येईपर्यंत जपून. आर्वोची बायको स्वप्नात आली होती. नुसती दारात उभी.

ताई


लेक वर्थ
१९ जानेवारी १९८४

प्रिय तैस्तो,

झाली! आज टपालात टाकते.

आठ दिवस लागले. आईच्या कांबळीतून पॅन्टच्या मापाचे दोन पाय कापले. कांबळ कापायला जिवावर आलं खरं, पण आई असती तर तिनंच कात्री दिली असती. नुसतं वरच्या वर अस्तर लावलं असतं तर चालताना सरकून गुडघ्याशी गोळा झालं असतं. म्हणून गोधडीसारखी शिवली, दोन-दोन बोटांवर टाके, आडवे नि उभे, कमरेपासून पायापर्यंत. सुई आत जाईना. अंगुस्तानाला भोक पडलं. शेवटी कॅरनच्या नवऱ्याची पकड घेतली आणि एक-एक टाका पकडीनं ओढून काढला. तो म्हणाला, ‘आई, तुम्ही शिवताय की दात काढताय?’

ही पॅन्ट बनवणाऱ्यांना शिवणकाम येत नाही बरं का. पुढच्या कापडाच्या आत लांबच लांब पांढरे धागे नुसते सुटे भरलेत, कशालाही न अडकवता. वर्षभरात त्यांचा बोळा झाला असता. मी ते सगळे टाक्यांत घट्ट बसवलेत. आता एक धागा हलणार नाही. कमरेला लेबल होतं, खरखरीत, ते कापून टाकलं. तुझी कातडी लहानपणापासून नाजूक.

चर्चच्या शिवण-मंडळात बायकांना दाखवली. इथल्या सगळ्याच आपल्यासारख्या थंडीतून पळून आलेल्या. हेल्मीनं गालाला लावून पाहिली आणि म्हणाली, ‘सायमी, यात तर मीच जाऊन झाड तोडीन.’

घाल आणि लिही.

ताई


पेल्तोला
१ फेब्रुवारी

प्रिय ताई,

परवा शून्याखाली सत्तावीस होतं. झाडं रात्री बंदुकीसारखी फुटत होती. आणि माझे गुडघे, ताई, माझे होते. दहा वर्षांत पहिल्यांदा.

दुपारी लाकडावर बसून मांस-बटाटा भरलेली पास्टी खाल्ली, अर्धा तास. उठलो तर गुडघ्यात कळ नाही. वर्नरनं विचारलं, ‘आत काय आहे?’ म्हटलं, ‘आई आहे.’ त्यानं स्वतःला कॉफी ओतली. मग म्हणाला, ‘मला पण बहीण असायला हवी होती.’ म्हटलं, ‘दोन हजार मैलांवर ठेवावी लागते, जवळ असली तर डोकं खाते.’

वजन जास्त आहे, पण पाय वाकतो. मी रोज घालतो. तुला वाटेल मी तुझं मन राखायला लिहितो, तर तसं नाही. पूर्वी झाडापासून दोन हात लांब राहून काम करायचो, आता मध्ये ही पॅन्ट आहे म्हटल्यावर जरा जवळून, जोरात करतो. काम भराभर उरकतंय.

आता आतल्या कोपऱ्यातला सीडर राहिला. तिथे फक्त बर्फ घट्ट असतानाच ट्रॅक्टर जातो. मार्चमध्ये दलदल सुटली की लाकूड वर्षभर तिथंच पडून राहणार.

कांबळीचं उरलेलं फेकू नकोस.

तुझा,
तैस्तो


लेक वर्थ
८ फेब्रुवारी

तैस्तो,

हे पत्र पोचायच्या आधी सिग्नेनं निरोप दिला असेल. तासाभरापूर्वीच तिला फोन केला. ती पॅन्ट घालू नकोस. पुन्हा लिहिते: घालू नकोस.

काल तुझं पत्र आलं. मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. आज सकाळी कॅरनच्या झग्याला गुंडी लावायची म्हणून गुंड्यांचा डबा उपडा केला, तर त्यात ते लेबल निघालं. मी काही टाकत नाही, तुला माहीत आहे. चष्मा डोळ्यावर होता म्हणून वाचलं. ‘शिवू नये. ठिगळ लावू नये. आतील धागे मोकळे राहणे आवश्यक.’

चष्मा त्या दिवशीही डोळ्यावर होता, तैस्तो.

इथे करवतींचं दुकान आहे, वादळानंतर पडलेली झाडं तोडणाऱ्यांसाठी. कॅरनला म्हटलं मला ने. तिथला माणूस भला होता. म्हणाला, ‘आजी, ते धागे सुटे असतात ते मुद्दाम. साखळी लागली की ती त्यांना बाहेर ओढते, ते जाऊन आतल्या चाकाला गुंडाळतात आणि करवत जागच्या जागी बंद पडते. ते निघायलाच हवेत. तुम्ही ते बांधून टाकलेत.’ म्हटलं, उसवते. तो म्हणाला, ‘उसवूनही भरवसा नाही. सुईनं किती तुटलेत कोण जाणे.’ मग म्हणाला, ‘शिवलंय मात्र सुरेख असणार.’

तू लिहिलंस, आता जवळून, जोरात करतो. ते वाक्य मी काल हसत वाचलं.

नवी पॅन्ट मागवली आहे, थंडीसाठी आत अस्तर असलेलीच. अशी मिळते म्हणे, मला आधी माहीत नव्हतं. तीन आठवडे लागतील. तोवर रानात पाऊल टाकायचं नाही. सीडर जाऊ दे दलदलीत. वचन दे.

ताई


पेल्तोला
१५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सिग्ने स्वतः बर्फातून चालत आली निरोप घेऊन. एवढी धापा टाकत होती की मला वाटलं तू गेलीस. कॉफी पाजली, मग म्हणाली, ‘पॅन्ट.’

तू शांत हो बघू. काही झालेलं नाही. एक ओरखडासुद्धा नाही. दोन आठवडे घातली, सुखात होतो. तुला काय ठाऊक होतं? मला तरी कुठे? माहितीपत्रक तर मीच जाळलं. आठ पानांत एका पानावर हे असणारच.

पॅन्ट त्याच दिवशी काढली, खुंटीला लावली. नवी येईपर्यंत मी घरीच. वचन. खिडकीशी बसून पत्ते लावतो, रेडिओ ऐकतो, शनिवारी सौना तापवतो. वर्नर येतो, हरतो, जातो. म्हातारपणाची सवय करून घेतोय म्हण. वाईट नाही.

तू खुब्याकडे बघ. माझी काळजी नको.

तुझा,
तैस्तो


लेक वर्थ
२१ फेब्रुवारी

प्रिय तैस्तो,

तुझं पत्र वाचून मी दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले. कॅरन म्हणाली, ‘मामानं काय औषध पाठवलं?’

आणि काय पाठवलंस ठाऊक आहे? पाकीट उघडलं तर घडीतून सीडरचा भुसा पडला. चिमूटभर, ताजा, तांबूस. टेबलावर गोळा करून किती वेळ वास घेत बसले. बाबा दारातून आत यायचे तो वास. आई ओरडायची, ‘आधी बाहेर झटका!’ मी तो भुसा बशीत ठेवलाय उशाशी. तुला कसं सुचतं रे असं काही? लहानपणी कधी साधं फूल आणून दिलं नाहीस.

नवी पॅन्ट निघाली आहे. महिनाअखेर सिग्नेकडे पोचेल. ती आली की बर्फ उरला असेल तेवढं काम कर, नाहीतर पुढच्या वर्षी. पत्ते लाव. वर्नरला जिंकू दे एखादा डाव.

ताई


पेल्तोला
२७ फेब्रुवारी

सायमीताई,

सिग्नेनं तुम्हाला फोनवर कळवलंच आहे. पण ती बोलताना रडत होती, आणि तुम्हीही, म्हणून काय काय झालं ते मी नीट लिहितो. मला लिहायची सवय नाही.

गुरुवारी सकाळी दहाची गोष्ट. तैस्तो पाडलेल्या झाडाच्या फांद्या छाटत होता. करवतीचं टोक बर्फाखालच्या फांदीला लागलं आणि ती उसळून डाव्या मांडीवर आली, गुडघ्याच्या वर. मी पन्नास पावलांवर ट्रॅक्टरवर होतो. आवाज बदलला म्हणून वळून पाहिलं.

सीटवर तुसीच्या गळ्यात तुमचा लाल मफलर होता. तोच काढून मांडी आवळली, काठी घालून पिळली. तुसी सबंध वाट त्याच्या छातीवर बसून होती. डॉक्टर म्हणाले, तो बांधला नसता तर तैस्तो रस्त्यापर्यंत टिकला नसता. मफलर त्यांना कापावा लागला, त्याबद्दल माफ करा.

तो जगणार आहे. पाय राहिला आहे. पण पाऊल हलवणारी आतली शीर तुटली आहे, ते वर उचलत नाही. पुढे उचलेल का, ते सांगत नाहीत.

आता जे त्यानं सांगू नको म्हटलं होतं ते सांगतो, कारण तुम्ही विचाराल. तो घरी बसला नव्हता. सिग्नेचा निरोप आला त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून आम्ही रोज आत जात होतो. तुम्हाला पत्रही त्यानं तिथंच लिहिलं, लाकडावर बसून, दुपारच्या कॉफीला. मी म्हटलं, बहिणीला खोटं लिहितोस. तो म्हणाला, ‘तिला झोप येईल, मला सीडर मिळेल, दोघांचं काम होईल.’ मी हसलो. थांबवायला हवं होतं. पण आतल्या कोपऱ्यात तीन दिवसांचंच काम उरलं होतं, आणि ते माझंही होतं.

अंगावर तुमच्या वडिलांची पॅन्ट होती. मी त्याला म्हटलं होतं, निदान ताईंची गोधडीची घाल, काही नाही त्यापेक्षा बरं. तर म्हणाला, ‘ती नको म्हणाली आहे. निदान एक गोष्ट तरी तिची ऐकू दे.’

तुमचं एकवीस तारखेचं पत्र आज आलं. उघडलं नाही, दवाखान्यात त्याच्या उशाशी ठेवतो. नवी पॅन्टही आजच आली. खोकं सिग्नेच्या काउंटरखाली आहे.

आपला,
वर्नर


लेक वर्थ
५ मार्च

तैस्तो,

काय लिहू कळत नाही, म्हणून जे आहे ते लिहिते.

डॉक्टर म्हणतात दोन महिने प्रवास नाही, विमानात नाही, गाडीत नाही. कॅरन म्हणते मी जाते, तर तिच्या धाकट्याला गोवर निघाला. मी खिडकीशी बसून असते. बाहेर लोक अर्ध्या चड्डीत फिरतायत.

मी पुन्हा त्या करवतीच्या दुकानात गेले. कॅरन नको म्हणत होती. मी त्या माणसाला विचारलं, बांधलेल्या धाग्यांची पॅन्ट असती तर? तो बराच वेळ काउंटर पुसत राहिला. मग म्हणाला, ‘सांगता येत नाही, आजी. कदाचित काहीच नाही. कदाचित थोडं कमी लागलं असतं. लोकरीपेक्षा जाड तर होतीच.’ म्हटलं, मी ती घालू नकोस म्हणाले. तो म्हणाला, ‘तुम्ही बरोबरच सांगितलंत.’ तो माझ्याकडे बघत नव्हता.

आधी मी तुझी पॅन्ट बिघडवली. मग बिघडलेली का होईना, ती तुझ्या अंगावरून उतरवली. पोरवयातल्या पहिल्या टाक्यापासून लोक माझ्या शिवणाला नावाजत आलेत. गोधडी ताणून शिवायची चौकट मी हेल्मीला देऊन टाकली. सुयाही. गुंड्यांचा डबाही. कांबळीचा उरलेला तुकडा तेवढा देववला नाही.

आणि तो भुसा. तू पाठवलास असं वाटलं मला. तो तुझ्या बाहीवरून पडला होता. साठ वर्षं त्या वासात काढलेली बाई, मला कळू नये की घरी बसलेल्या माणसाच्या कागदात ताजा भुसा येत नसतो? बशी अजून उशाशी आहे. टाकवत नाही, ठेववत नाही.

खोटं का लिहिलंस म्हणून तुझ्यावर ओरडायचं होतं. तेही जमत नाही.

ताई


पेल्तोला
१९ मार्च

प्रिय ताई,

परवा घरी आलो. वर्नरनं पलंग चुलीजवळ ओढलाय. सिग्ने सूप आणते आणि सगळ्या गावाचं दुखणं सांगते, त्यामुळे माझं लहान वाटतं.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आता माझं एकदा ऐक. तू म्हणालीस रानात जाऊ नकोस. मी हो म्हटलं आणि गेलो. हे एवढंच झालं. त्यात टाके शोधत बसू नकोस. तो दुकानदार तिथे नव्हता, तू नव्हतीस. मी होतो. माझ्या हातात करवत होती.

वर्नरनं तुला ते पॅन्टचं बोलणं लिहिलं म्हणे. त्याला म्हटलं, तुला लिहायची सवय नाही तेच बरं होतं.

नवी पॅन्ट तोच घालतो आता. राहिलेला सीडर त्यानं आणि पाद्रीसाहेबांच्या मेहुण्यानं काढला. म्हणतो, हिच्यातही गुडघ्याला थोडा गारठा लागतोच. म्हटलं, लागू दे.

पावलाचं म्हणशील तर ते लोंबतं. चपलेसारखं ओढत चालतो. डॉक्टर म्हणाले एवढंच राहील. करवत मी वर्नरला दिली. तो नको म्हणत होता. शेवटी आम्ही दोघं तिच्याकडे न बघता बोलत होतो.

एक गोष्ट मात्र कोणी सांगितली नव्हती. तो पाय गार असतो, ताई. सतत. चुलीला लावला तरी कातडी तापते, आत गारच. शीर तुटली की असं होतं म्हणे, त्याला औषध नाही. रात्रभर मी हातानं चोळतो.

ती गोधडीची पॅन्ट घालून पाहिली. ऊब तीच आहे, पण पुढचा भाग कडक, आणि आता तो पाय कडकपणा सोसत नाही. म्हणून विचारतो. एखाद्या साध्या, मऊ, जुन्या पॅन्टला कांबळीचा उरलेला तुकडा लावून देशील? पाहिजे तितके टाके घाल. आता माझ्याजवळ करवत येणार नाही.

दोरा सोबत आहे. डाव्या पायाचा घेर वेगळा घेतला आहे. चार गाठी.

तुझा,
तैस्तो


लेक वर्थ
२७ मार्च

तैस्तो,

दोरा मिळाला. चार गाठी तीन गाठींच्या अडीच बोटं अलीकडे आहेत. आधी वाटलं, तू झोपून माप घेतलंस म्हणून चुकलं. मग नोव्हेंबरचा दोरा शेजारी ठेवला. तो मी जपून ठेवला होता. तीन गाठी तिथंच आहेत, डावा पायच वाळलाय.

हेल्मीकडून चौकट परत आणली. सुयांची पुडी आणि गुंड्यांचा डबाही तिनं जसाच्या तसा ठेवला होता. कॅरनच्या नवऱ्याची एक जुनी मऊ विजार मिळाली. कांबळ कापून ठेवली आहे, डावा पाय वेगळा, बारीक.

काल सकाळपासून ती पुढ्यात घेऊन बसले आहे. टाके जवळ घातले तर पायाला टोचतील का? लांब घातले तर अस्तर सरकेल का? कांबळीची खरखरीत बाजू आत करू की बाहेर? कॅरन म्हणते, ‘आई, तुला झोपेत येतं हे.’ येतं. पण आता मी काही ठरवत नाही.

एक-एक करून सगळं लिही. टाके किती बोटांवर, बाजू कोणती, गाठ कुठे मारायची, सगळं. वर्नरला विचार, डॉक्टरांना विचार. तुमच्याकडे अजून महिनाभर बर्फ आहे, तोवर उत्तर येईल.

तू सांगेपर्यंत मी सुईत दोरा ओवत नाही.

ताई